उपाशीपोटी काढलेला एक्स-रे

आमच्या यांना कधी काही होत नाही, असा माझ्या सासूबाईंचा दावा होता. लग्न ठरवताना त्यांनी तो माझ्या वडिलांसमोरही केला होता. मुलगा इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे आणि लहानपणापासून त्याला साधा खोकलासुद्धा झालेला नाही. यातली पहिली गोष्ट खरी होती. दुसरीही खरी होती, आणि जर्मनीतल्या आखनमध्ये दीड वर्ष काढूनही ती खरी राहिली होती, हे विशेष. तिसरीचा निकाल लागायचा होता.

साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. हे तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होते. लेथ मशीन चालताना थरथरतं का आणि किती, यावर त्यांचं संशोधन. एवढ्यासाठी समुद्र ओलांडून यायचं आणि मागाहून बायकोलाही बोलवायचं, याचं मला फार हसू यायचं, आणि मी ते लपवत नसे. मी काहीच लपवत नसे. पुण्यात आमच्या आळीत माझ्या तोंडाची ख्याती होती. लग्न लागलं तेव्हा शेजारच्या काकूंनी यांना आशीर्वादाऐवजी "सांभाळून हो बाबा" एवढंच म्हटलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. खाली घरमालकीणबाई राहायच्या. वयाने माझ्या आईएवढ्या, आणि रोज दुपारी कॉफी पाजून त्या मला जर्मन शिकवायच्या. त्यामुळे माझं जर्मन स्वयंपाकघरातलं होतं, पण ठणठणीत होतं. यांचं जर्मन पुस्तकी. यंत्रावर तासभर बोलतील, पण भाजीवालीपुढे गप्प.

मार्च महिन्यात यांचं जेवण कमी झालं. दोन घास घेतले की ताट पुढे सरकवायचे. "पोट भरलं." मला आधी रागच आला. स्वयंपाकात काही बिघडलं असेल तर सरळ सांगावं, असं तोंड फिरवून काय उठायचं? मग वाटलं, हे युनिव्हर्सिटीच्या मेन्साचे, म्हणजे तिथल्या खानावळीचे, प्रताप. दुपारी तिथे कोबी आणि बटाटे चापून येत असणार. पण हळूहळू वेगळंच दिसायला लागलं. जेवल्यावर पोटात वरच्या बाजूला दुखायचं आणि ते दुखणं आरपार पाठीत जायचं. मग पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. दोनदा उलटी झाली. गालफडं बसली, कोट खांद्यावरून लोंबायला लागला, आणि पोट मात्र बेंबीच्या वर, जरा डावीकडे, पुढे आलं. माणूस वाळतोय आणि पोट वाढतंय, हे काही बरं लक्षण नव्हतं. मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

गल्लीतल्या त्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दारू किती घेता?"

"मुळीच नाही," हे म्हणाले.

"बियर?"

"तीही नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, तुम्हीच सांगा आता खरं काय ते. मी म्हणाले, "यांना ताक सोडून काही माहीत नाही." ताकाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला घरमालकीणबाईंनी शिकवलं होतं, त्यामुळे वाक्य बरोबर झालं, पण विश्वास बसला नाही. मग त्यांनी विचारलं, पोटाला कधी मार लागला होता का? हे म्हणाले, नाही. म्हणताना त्यांनी एकदा माझ्याकडे चोरून पाहिलं. ते मला पुढे आठवलं. तेव्हा काही लक्षात आलं नाही.

लघवी तपासली. त्यात स्वादुपिंडातलं एक पाचकद्रव्य प्रमाणापेक्षा पुष्कळ जास्त निघालं. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पसरलेली ग्रंथी. अन्न पचवायचा रस तीच करते आणि साखर ताब्यात ठेवायचं कामही तिचंच. हे सगळं मी पुढे शिकले. तोपर्यंत आपल्या पोटात असा एक अवयव आहे याची मला गंधवार्ताही नव्हती. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्हाला मोठ्या क्रांकेनहाउसमध्ये, म्हणजे इस्पितळात, पाठवलं. तिथे पोटाचा एक्स-रे काढायचा ठरला. आदल्या संध्याकाळनंतर काही खायचं नाही, सकाळी रिकाम्या पोटी यायचं, तिथे बेरियमची पांढरी पेज प्यायला देतात, आणि ती जठरात उतरली की जठराचा आकार उमटतो. श्वेस्टरने, म्हणजे तिथल्या नर्सने, हे दोनदा सांगितलं. आम्ही दोघांनीही दोनदा मान डोलावली.

आता मी जे केलं ते समजायचं तर आमच्या माहेरची रीत माहीत पाहिजे. आमच्याकडे आठवड्यातून दोन उपास, वर महिन्याच्या एकादश्या आणि चतुर्थ्या. आणि उपासाच्या दिवशी आमच्या घरात जेवढा स्वयंपाक व्हायचा तेवढा एरवी होत नसे. खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याच्या फोडी. एवढं सगळं जेवून वडील ओटीवर यायचे, आणि कोणी चहाबरोबर पोहे पुढे केले की गंभीरपणे म्हणायचे, "आज सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही." आणि त्यात कोणालाही काही खोटं वाटत नसे.

तर मी पहाटे पाचला उठले आणि खिचडी केली. एवढा अशक्त झालेला माणूस, त्यात थंडी, त्यात बसमधून जायचं. काही आधार नको का पोटाला?

हे म्हणाले, "अगं, काही खायचं नाही असं सांगितलंय ना."

"हे खाणं आहे का? उपासाचं आहे."

हे यंत्रांचे डॉक्टर होऊ घातलेले, पण वाढले होते माझ्या सासूबाईंच्या हाताखाली. क्षणभर विचार केला आणि बसले पाटावर. म्हणजे खुर्चीवर. पोट लगेच भरायचं म्हणून हळूहळू, आग्रहाने, मी त्यांना वाटीभर खाऊ घातली.

आता ती खिचडीही काय सांगावी! कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा जर्मन साबुदाणा हा साबुदाणाच नव्हे. तो बटाट्याच्या पिठाचा करतात. भिजवला की फुगतो आणि कढईत गेला की एकमेकांना चिकटून गोळे होतात. खलबत्ता नव्हता, म्हणून दाणे लाटण्याने ठेचलेले. कूट कसलं, अर्धेमुर्धे दाणेच सगळे. पण जिरं पुण्याहून आणलेलं होतं, तूप घरी कढवलेलं होतं, आणि हे म्हणाले, "बरी झालीय." दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या स्वयंपाकाला बरं म्हटलं होतं. मी खूश.

एक्स-रेच्या खोलीच्या दारात श्वेस्टरने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" यांनी स्वच्छ मनाने सांगितलं, "नाही." मीही मान हलवली.

दोन दिवसांनी ओबरआर्त्स्टनी, म्हणजे तिथल्या वरच्या डॉक्टरांनी, मला बोलावलं. एकटीला. तेव्हाची तिथली पद्धत अशी, की वाईट बातमी असली तर रोग्याला सांगायची नाही, त्याच्या माणसांना सांगायची. ते चाळिशीचे, उंच, फार सभ्य गृहस्थ होते. मला कळावं म्हणून ते सावकाश बोलले. जठराच्या आतली बाजू खडबडीत दिसते आहे, उंचवटे आहेत. गाठ असावी. बाहेरून पोटाला जो फुगवटा लागतो तो तिचाच असणार, आणि ती मागे स्वादुपिंडापर्यंत पोचली असावी, म्हणून लघवीतलं ते द्रव्य वाढलंय. येत्या गुरुवारी ऑपरेशन करू. जठराचा बराचसा भाग काढावा लागेल. उघडल्यावर काढण्याजोगं असलं तर. एवढं बोलून ते थांबले, आणि मग म्हणाले, "यातलं तुमच्या पतींना काही सांगू नका."

मी तेवीस वर्षांची होते. बाहेर येऊन बाकावर बसले. समोर एक बाई मोठ्या बादलीतून फरशी पुसत होती. ती पुसत पुसत माझ्या पायाशी आली, मी पाय वर उचलले, ती पुढे गेली, आणि मी पाय खाली ठेवायला विसरले. फार भीती वाटली. पुण्याला काय कळवायचं, सासूबाईंना काय लिहायचं, आणि या माणसाशिवाय मी कुठे जायचं, हे सगळं एकदम डोक्यात आलं. रडू मात्र आलं नाही.

यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. "कसलीशी सूज आहे, ती काढायची आहे," असं मी सांगितलं. हे म्हणाले, "बरं." पुढे काही विचारलं नाही.

बुधवारी दुपारी प्रोफेसरांनी बोलावलं. ऑपरेशन तेच करायचे होते. साठीच्या पुढचे, ठेंगणे, चष्मा कपाळावर चढवलेला. ऑपरेशनच्या आधी रोग्याची सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून स्वतः ऐकायची, ही त्यांची सवय. बाकीचे डॉक्टर त्याला मनातून कंटाळायचे, असं श्वेस्टरने मला नंतर सांगितलं. त्यांचं एक अडलं होतं. लघवीतल्या त्या द्रव्याचा आकडा त्यांना पटत नव्हता. जठरातल्या गाठीने तो इतका वाढू नये, असं ते ओबरआर्त्स्टना म्हणत होते, मी खुर्चीत बसले असताना. मग त्यांनी एक्स-रेची फिल्म भिंतीवरच्या दिव्यासमोर लावली आणि मला जवळ बोलावलं.

"हे पांढरं दिसतं ते जठर. आणि त्यात हे काळे ठिपके, हे पुंजके, हेच ते उंचवटे."

मी पाहिलं. पांढऱ्या पेजेत गोल गोल काळे मणी होते. काही सुटे, काही एकमेकांना चिकटून गोळा झालेले. आणि मधूनमधून लांबट, अर्धे तुटलेले काहीतरी.

माझी खिचडी मी ओळखणार नाही?

कानशिलं तापली. पहिला विचार आला तो असा, की आता हे सांगायचं कसं? दोनदा मान डोलावून, दारात खोटं बोलून, वाटीभर खाऊ घातलंय. हे लोक काय म्हणतील? आणि दुसरा विचार आला, की नसलीच खिचडी तर? मी आशेपोटी काहीतरी बघत असेन तर? पण उद्या गुरुवार होता.

"हेर प्रोफेसर," मी म्हणाले, "हे मी केलंय."

दोघंही वळले.

"म्हणजे, हे त्यांनी खाल्लंय. सकाळी. मी करून घातलं."

ओबरआर्त्स्ट म्हणाले, "पण ते रिकाम्या पोटी आले होते."

"हो, रिकाम्याच पोटी. उपासाचं खाऊन."

मग मला त्या दोन शल्यविशारदांना उभ्या उभ्या उपास समजावून सांगावा लागला. गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही, डाळ चालत नाही. बटाटा चालतो, दाणे चालतात, साबुदाणा चालतो, तूप तर चालतंच.

"आल्झो," प्रोफेसर म्हणाले, "म्हणजे उपासाच्या दिवशी तुम्ही बटाटे, शेंगदाणे आणि तूप खाता."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले.

"आणि किती खाता?"

"पोटभर."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि ती फिल्म पुन्हा पाहिली. एक ठिपका बोटाने दाखवून विचारलं, "शेंगदाणा?" मी मान डोलावली. मग त्यांनी टेलिफोन उचलला, उद्याचं ऑपरेशन रद्द करायला सांगितलं आणि फोन खाली ठेवून ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ओबरआर्त्स्टचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बिचाऱ्याची चूक काहीच नव्हती. ते तेवढे सभ्य नसते तर मीही हसले असते.

दुसरा एक्स-रे शुक्रवारी. या खेपेला आदल्या संध्याकाळी श्वेस्टरने माझी पिशवी तपासली. पर्समध्येही हात घातला. सकाळी मी वॉर्डच्या दारापाशी दिसले तर मला तिथेच बसवून ठेवलं.

काळे मणी गेले होते. जठराचं अस्तर स्वच्छ, गुळगुळीत. पण आनंद करायला मला पुरती फुरसत मिळाली नाही, कारण बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये जठर आपल्या जागी नव्हतंच. पाठीच्या कण्यापासून ते पार पुढे ढकललं गेलं होतं. मधे मोठी मोकळी जागा होती, आणि त्या जागेत काय आहे ते दिसत नव्हतं. आजच्यासारखी आतलं दाखवणारी यंत्रं तेव्हा नव्हती. पोटावर जेल लावून काचेच्या पडद्यावर सगळं बघता येत नव्हतं, की घशातून नळी उतरवून जठराच्या मागे काय आहे ते सुई घालून बघता येत नव्हतं. जे दिसतंय त्यावरून जे दिसत नाही ते ओळखायचं.

प्रोफेसर वॉर्डात आले, यांच्या खाटेवरच बसले आणि म्हणाले, "आता मला खरं सांगा. पोटाला मार लागला होता?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "माझ्या पत्नीला जरा बाहेर पाठवता येईल का?"

"नाही," प्रोफेसर म्हणाले. "त्यांनी त्यांचं सांगितलंय. आता तुमची पाळी."

मग सगळं बाहेर आलं. जानेवारीत रस्त्यावर बर्फ असताना हे सायकलने इन्स्टिट्यूटला निघाले होते. पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं, सायकल आडवी झाली आणि हँडलचं टोक पोटात घुसलं. दोन दिवस पोट दुखलं. मला सांगितलं, मेन्सातला कोबी बाधला. का? तर बर्फात सायकल चालवू नका म्हणून मी नोव्हेंबरपासून कानीकपाळी ओरडत होते, आणि पडलो म्हणून सांगितलं तर मी काय बोलेन याची त्यांना धास्ती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी शेजारीच उभी होते, म्हणून नाही म्हणाले. माझ्या जिभेवर केवढं तरी आलं होतं. ते मी गिळलं.

प्रोफेसरांना मात्र भलताच आनंद झाला. त्यांनी यांची वही मागून घेतली आणि पेन्सिलने चित्र काढलं. हे जठर, हे त्यामागचं स्वादुपिंड. हँडलचा दणका बसला तो त्या ग्रंथीवर, कारण मागे कणा आहे, तिला सरकायला जागा नाही. तिथे ती चिरली. रस गळायला लागला. हा रस मांस पचवणारा, तो मोकळा सुटून चालत नाही. म्हणून शरीराने त्याच्याभोवती भिंत घालायला सुरुवात केली. अशी पाण्याने भरलेली पिशवी तयार झाली, ती वाढत गेली आणि जठराला पुढे रेटायला लागली. म्हणून दोन घासांत पोट भरतंय.

"याला आम्ही खोटी सिस्ट म्हणतो," ते म्हणाले. "खऱ्या सिस्टला आतून स्वतःचं अस्तर असतं. हिला नसतं. ही नुसती शरीराने घातलेली भिंत. आपोआप होणाऱ्या सिस्टही असतात. त्यांतल्या काही निरुपद्रवी, काही पुढेमागे बिघडणाऱ्या. तुमची गोष्ट ऐकून मला वाटतं ही खोटीच आहे. पण भिंतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी शपथ घेणार नाही."

"मग काढून टाका," मी म्हणाले.

"इतक्यात नाही, बाई. कधी कधी ती आपण होऊन जिरते. आणि भिंत अजून कच्ची असली तर टाका धरत नाही. सहा आठवडे थांबू. ताप आला, अंग पिवळं पडलं, पोट एकाएकी दुखलं तर मात्र त्याच पावली यायचं."

असे आम्ही घरी आलो, आणि ते सहा आठवडे सुरू झाले. खोटं कशाला बोलू, भीती होतीच. तरी माझ्या संसारातले ते सगळ्यांत मजेचे आठवडे. लग्न झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच दिवसभर घरात. खायचं थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, तूप-तेल बंद. फोडणीशिवाय वरण कसं लागतं ते मला तेव्हा कळलं. घरमालकीणबाईंनी आपली आरामखुर्ची वर आणून दिली. खिडकीखालच्या झाडाला पांढरा बहर आला होता. हे खुर्चीत बसून मला लेथच्या थरथरण्याबद्दल सांगायचे, आणि काय आश्चर्य, मला ते कळायला लागलं.

रोज सकाळी सातला मोजमाप. शिंप्याची टेप, बेंबीच्या चार बोटं वर, श्वास सोडून, तीनदा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. मिलिमीटरच्या कागदावर यांनी आलेख काढून स्वयंपाकघराच्या दारावर टाचला होता. एक रेघ पोटाच्या घेराची, एक वजनाची. टेप मी धरायची आणि आकडा हे लिहायचे. मी जरा सैल धरली तर म्हणायचे, "निरीक्षकाने आशावादी असू नये." दर सोमवारी तो कागद गुंडाळी करून प्रोफेसरांकडे न्यायचा. त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवला. या एका कागदासाठी त्यांनी माझी खिचडी माफ केली असावी.

पोटाची रेघ चार आठवडे आडवी राहिली आणि पाचव्यात वर चढली. जिरणार नव्हती. सातव्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

मला वाटलं होतं पिशवी कापून बाहेर काढतील. तसं नव्हे. जठर पुढून उघडलं, आणि त्याची मागची भिंत जिथे पिशवीला चिकटली होती तिथून आधी सुई घालून पाहिली. तपकिरी पाणी आलं. मग तिथेच एक खिडकी पाडली, जठर आणि पिशवी यांची तोंडं कडेने एकमेकांना शिवून टाकली. आता पिशवीतलं पाणी जठरात उतरणार, तिथून आतड्यात, आणि रिकामी झालेली पिशवी हळूहळू मिटून जाणार. इतकी सोपी आणि चतुर युक्ती, की शुद्धीवर आल्यावर ती ऐकून आमच्या यांचे पहिले शब्द होते, "म्हणजे बायपास."

"दीड लिटर निघालं," प्रोफेसर मला म्हणाले. त्यांनी भिंतीचा छोटा तुकडा कापून तपासायला पाठवला होता. तो निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल मला काही लिहायचं नाही. रोज जायची, त्यांच्या पायाशी बसायची, उशी नीट करायची, गोड हसायची आणि परत यायची.

नवव्या दिवशी प्रोफेसर राउंडची वेळ नसताना आले. हातात कागद होता. दारातूनच म्हणाले, "खोटी. संपूर्ण खोटी. अस्तराची एक पेशी नाही." आणि मग यांच्याकडे वळून, "तुम्ही म्हातारे होणार. तयारीला लागा."

त्यापुढे दहा दिवसांनी घरी सोडलं. मी सकाळीच गेले, बॅग भरली. हे कपडे करून खाटेच्या कडेला बसले होते. चेहऱ्यावर मांस दिसायला लागलं होतं. त्यांनी उठून बॅगेत डोकावलं आणि म्हणाले, "अगं, बूट शर्टांवर ठेवतात का? इस्त्रीचे आहेत ते. जरा डोकं वापरावं माणसाने."

काय झालं कोणास ठाऊक. मी बॅग धाडकन मिटली आणि सुरू झाले. शर्ट? शर्टांची इस्त्री? तीन महिने तिसऱ्या मजल्यावरून वरखाली करून माझे पाय गेले, आणि तुम्हाला इस्त्री दिसतेय? ती इस्त्री केली कोणी? बर्फात सायकली कोणी चालवल्या? पोटात दांडा घुसवून घेऊन कोबीचं नाव कोणी सांगितलं? पुण्याच्या आळीतला माझा मूळचा आवाज लागला होता. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. श्वेस्टर धावत आली. कोणाला काय झालं म्हणून तिने यांची नाडीच धरली.

"काही नाही," हे तिला म्हणाले. "पत्नी बोलते आहे."

मी दम घ्यायला थांबले तेव्हा लक्षात आलं, की हे हसताहेत. टाक्यांवर हात धरून हसत होते आणि डोळे भरून आले होते.

"हसताय काय?" मी ओरडले.

"ओबरआर्त्स्टनी तुला एकटीला बोलावलं होतं ना," ते म्हणाले, "त्या दिवशी तू बाहेर आलीस आणि माझ्याशी गोड बोललीस. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही भांडली नाहीस. मला कोणी काही सांगितलं नाही, पण मला तेव्हाच कळलं होतं ते काय म्हणाले असतील." मग त्यांनी माझा हात धरला. "बोल. थांबू नकोस. अजून थोडं बोल."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले आणि तीन महिन्यांचं रडून घेतलं.